फुकट पायवाटेचा हिशेब

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२० साली एक विलक्षण प्रश्न आला होता. डोंगरावरून एक पायवाट जाते. तर त्या वाटेखालची जमीन कोणाची? व्हर्जिनिया राज्यातील एका राष्ट्रीय अरण्यातून नैसर्गिक वायूचा मोठा नळमार्ग न्यायचा होता आणि तो ॲपलेशियन पायवाटेला सुमारे सहाशे फूट खोलवरून छेदून जाणार होता. वनखात्याने परवानगी दिली. पर्यावरणवादी संस्थांनी हरकत घेतली. वाटेची देखरेख राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, तेव्हा वाटेखालची जमीनही उद्यानाचीच मानली पाहिजे, आणि उद्यानाच्या जमिनीतून असा नळ नेऊ देण्याचा अधिकार वनखात्याला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १५ जून २०२० रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. वाट म्हणजे केवळ जाण्यायेण्याचा हक्क. जमीन ज्याची होती त्याचीच राहते, असा निकालाचा मथितार्थ होता. बांधावरच्या वहिवाटीवरून पिढ्यानपिढ्या कज्जे लढविणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. गमतीचा भाग असा की खटला जिंकूनही तीन आठवड्यांच्या आत संबंधित कंपन्यांनी वाढता खर्च आणि कायदेशीर अनिश्चितता यांचे कारण देऊन तो नळमार्ग सोडून दिला.

हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावाच. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यातला प्रश्न अधिक खोल आहे. जी वस्तू कोणाच्याच मालकीची नाही, जिच्यावर तिकीट नाही, आणि जिच्यापासून कोणालाही नफा नाही, अशी साडेतीन हजार किलोमीटर लांबीची वस्तू जगातल्या सर्वांत कट्टर भांडवलशाही देशात निर्माण होते आणि टिकते, ती कोणाच्या जिवावर? तिची किंमत कोणी मोजली, आणि ती मोजण्याचे कोणी नाकारले?

ॲपलेशियन पायवाट दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर डोंगरापासून सुरू होते आणि उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे २,२०० मैल. वाटेत चौदा राज्ये. जवळजवळ सर्व मार्ग दाट जंगलातून, डोंगरांच्या धारेवरून आणि खिंडींतून जातो. मार्गावरचे सर्वांत उंच ठिकाण ६,६४३ फुटांच्या कुवोही शिखराजवळ आहे. आपल्या कळसूबाईहून ते फार उंच नव्हे. त्यामुळे हिमालयाच्या मोजमापाने या पर्वताकडे पाहणाऱ्याची निराशा होईल. त्याचे महत्त्व उंचीत नाही, सलगतेत आहे. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन या महानगरांच्या पाठीशी हा हिरवा कणा उभा आहे, आणि त्या कण्यावरून माणूस पायी चालत जाऊ शकतो. झाडांच्या बुंध्यांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगविलेले असतात. एका पट्ट्यापासून पुढचा पट्टा शोधीत जायचे. मधूनमधून तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघड्या लाकडी पडव्या आहेत. त्यांची संख्या अडीचशेहून अधिक भरते. काही उद्यानांत परवाना वा किरकोळ शुल्क सोडल्यास चालणाऱ्याला काही द्यावे लागत नाही.

या वाटेची कल्पना मांडणारा माणूस गिर्यारोहक म्हणून प्रसिद्ध नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बेंटन मॅकाय हे वनशास्त्राचे पदवीधर. त्यांनी काही काळ वनखात्यात आणि नंतर अमेरिकेच्या श्रम खात्यात काम केले. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना काम कोठून द्यायचे हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. रोजगार आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांचा संबंध जोडणारा त्यांचा अहवाल १९१९ साली श्रम खात्याने प्रसिद्ध केला. जमीन सट्टेबाजांच्या हाती न देता सार्वजनिक मालकीत ठेवावी आणि तिच्यावर सहकारी वसाहती उभाराव्यात, असा त्याचा रोख होता. अहवाल छापला गेला, आणि असल्या अहवालांचे जे व्हायचे तेच त्याचे झाले. १९२१ मध्ये पत्नीच्या मृत्यूच्या दुःखातून सावरत असताना मॅकाय यांनी वास्तुशिल्पज्ञांच्या एका नियतकालिकात ॲपलेशियन पायवाटेची योजना मांडली. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी तिला प्रादेशिक नियोजनाचा प्रकल्प म्हटले होते. सहलीचा मार्ग एवढीच तिची व्याप्ती नव्हती.

मूळ योजनेत चार अंगे होती. पहिले अंग पायवाटेचे, दुसरे मुक्कामाच्या निवाऱ्यांचे. तिसरे अंग म्हणजे वाटेलगतच्या लहान वसाहती, ज्यांत माणसे नफ्याच्या हेतूवाचून राहतील, अभ्यास करतील, विश्रांती घेतील. चौथे अंग म्हणजे त्या वसाहतींना अन्न पुरविणारी शेती आणि वनोद्योगाची केंद्रे, ज्यांतून शहरातल्या बेकाराला डोंगरात कायमचे काम मिळेल. कारखान्यात आणि कचेरीत पिचलेल्या माणसाची फुरसत हीच एक मोठी न वापरलेली शक्ती आहे, आणि ती डोंगराच्या कामी लावली तर डोंगरही सुधारेल आणि माणूसही, असा त्यांचा विचार होता. तो भाबडा होता असे म्हणता येईल. परंतु तो अर्थशास्त्रीय विचार होता, निसर्गप्रेमाचा उमाळा नव्हता, एवढे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

या चार अंगांपैकी प्रत्यक्षात काय उतरले? पहिली दोन उतरली, शेवटची दोन गळाली. यात योगायोग मुळीच नाही. वाट आखणे आणि पडव्या बांधणे यांस माणसांचे रविवार पुरतात; जमिनीची मालकी कोणाची हा प्रश्न त्यात उपस्थित करावा लागत नाही. सहकारी वसाहती आणि सार्वजनिक शेती म्हटली की तो प्रश्न टाळता येत नाही. योजनेतला जो भाग स्वस्त आणि निरुपद्रवी होता तो समाजाने उचलला, आणि जो भाग प्रस्थापित अर्थव्यवस्थेला अडचणीचा होता तो आदरपूर्वक विसरला. सुधारकांच्या योजनांचे हे भाग्य केवळ अमेरिकेतच दिसते असे नाही.

वाट प्रत्यक्षात आणली ती मात्र निराळ्या पिंडाच्या माणसाने. मायरन एव्हरी हे सागरी कायद्याचे वकील. १९३१ पासून १९५२ पर्यंत पायवाट परिषदेचे ते अध्यक्ष होते. सायकलच्या चाकासारखे मोजणीचे चाक ढकलीत त्यांनी १९३६ पर्यंत सारा मार्ग तुकड्यातुकड्याने पायाखाली घातला. काम रेटून नेणारा आणि वाटेतल्या माणसांची फारशी पर्वा न करणारा असा हा गृहस्थ होता. महामंदीच्या काळात सरकारने डोंगराच्या धारेवरून मोटारींचा निसर्गरम्य रस्ता काढला तेव्हा दोघांत ठिणगी पडली. धारेवर मोटार आली की वाटेचा आत्मा गेला, असे मॅकाय यांचे म्हणणे. रस्ता सरकार करणारच, आपण वाट बाजूला हलवून सलग ठेवू, असे एव्हरींचे. १९३५ मध्ये दोघे कायमचे दुरावले. मॅकाय यांनी त्याच वर्षी काही सहकाऱ्यांसह रानांच्या रक्षणासाठी वेगळी संस्था काढली. एव्हरींनी १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमधील अखेरचा तुकडा जोडलेला पाहिला. तो तुकडा सरकारी रोजगार योजनेतील तरुणांच्या हातून पुरा झाला, हेही नोंदवायला हवे. या भांडणात बाजू घ्यायचीच तर न्याय मॅकाय यांच्याकडे आणि परिणामकारकता एव्हरींकडे होती.

आता श्रमाकडे वळू. या वाटेची निगा आजही मुख्यतः हौशी मंडळींच्या तीस-एकतीस संस्था राखतात. प्रत्येकीला मार्गाचा एकेक टप्पा नेमून दिलेला आहे. चांगल्या वर्षांत या स्वयंसेवकांचे काम एकूण दोन लाख तासांच्या पुढे जाते. आडवे पडलेले वृक्ष कापून बाजूला करणे, पावसाचे पाणी वाटेवरून धावू नये म्हणून दगडांचे तिरपे बांध घालणे, पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगविणे, पडवीचे छप्पर बदलणे, शौचकूपाची व्यवस्था पाहणे, अशी ही कामे आहेत. कायद्याने रान म्हणून राखलेल्या क्षेत्रांत यांत्रिक करवत चालत नाही. तेथे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची जुनी करवत वापरतात. यात रोमांचक असे काही नाही, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहे. ज्याला आपण श्रमदान म्हणतो ते आपल्याकडे बहुधा उद्घाटनाच्या दिवशी फावडे हाती घेतलेल्या पाहुण्याच्या छायाचित्रापाशी संपते. येथे तेच श्रमदान शंभर वर्षे चालले आहे, कारण कोणत्या मैलाची जबाबदारी कोणाची हे ठरलेले आहे.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ असतो, कारण प्रत्येक जण लुटू पाहतो आणि राखीत कोणीच नाही, असे पुष्कळ काळ शिकविले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या समजाला उदाहरणांनिशी आव्हान दिले, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुरणे, कालवे, मासेमारीची क्षेत्रे लोक स्वतःचे नियम करून पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखविले. ॲपलेशियन पायवाट त्या सिद्धान्ताचे उत्तम उदाहरण म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. १९८४ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने (त्यांच्याकडे हे खाते उद्याने व सरकारी जमिनी पाहते) वाटेसाठी घेतलेल्या जमिनीच्या व्यवस्थापनाची जबाबदारी चक्क खाजगी पायवाट परिषदेकडे सोपविली. स्वयंसेवी संस्थेवर सरकारने एवढा विश्वास टाकल्याची उदाहरणे विरळा. तथापि या मोहाला एका मर्यादेपर्यंतच बळी पडावे. कारण ती जमीन आधी सरकारने विकत घेतली होती.

वाट १९३७ मध्ये पुरी झाली तरी तिचा मोठा भाग खाजगी जमिनीवरून, मालकाच्या मर्जीवर चालत होता. मालक बदलला, शेतावर घरे उठली, लाकूडतोडीचा ठेका दिला गेला, की वाट उठून डांबरी रस्त्यावर यायची. स्वयंसेवकांनी कितीही घाम गाळला तरी त्या घामाने जमिनीचे खरेदीखत होत नाही. १९६८ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला, तरी दहा वर्षे कामाला गती आली नाही. १९७८ च्या दुरुस्तीने जमीन खरेदीसाठी नऊ कोटी डॉलर मंजूर झाले आणि सक्तीच्या संपादनाची मर्यादा दर मैलाला २५ एकरांवरून १२५ एकरांवर नेण्यात आली. त्यानंतरच वाटेभोवती सरासरी हजार फुटांचा संरक्षित पट्टा तयार होऊ लागला. आज जवळजवळ सगळा मार्ग सार्वजनिक जमिनीवर वा संरक्षित हक्काखाली आहे. उत्तर टोकाची कथा वेगळी, पण तिचा बोध तोच. पर्सिव्हल बॅक्स्टर हे मेनचे गव्हर्नर असताना कटाडिन पर्वत सरकारने घ्यावा म्हणून झगडले. विधिमंडळाने ऐकले नाही. मग त्यांनी पदावरून गेल्यावर १९३० ते १९६२ या काळात स्वतःच्या पैशाने दोन लाख एकर घेऊन राज्याला दान केले. असा श्रीमंत प्रत्येक डोंगराला लाभत नाही. म्हणून करांची गरज असते.

येथपर्यंतचा हिशेब पायवाटेचे भक्त आनंदाने मान्य करतील. पुढचा करायला ते सहसा तयार नसतात. व्हर्जिनियातील शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातून ही वाट सुमारे शंभर मैल जाते. रान घनदाट आहे, आणि चालणाऱ्याला ते अनादी वाटते. वस्तुतः एका शतकापूर्वी तेथे शेते होती, सफरचंदांच्या बागा होत्या, शाळा आणि चर्चे होती. व्हर्जिनिया राज्याने १९२८ मध्ये खास कायदा करून ती सारी जमीन सक्तीने संपादन केली आणि केंद्र सरकारला दिली. उद्यान १९३५ मध्ये स्थापन झाले. पाचशेच्या आसपास कुटुंबांना उठावे लागले. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला मिळाला. कुळे आणि बिनकागदी कसणारे यांना जमिनीचा मोबदला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. काहींना सरकारी पुनर्वसन वसाहतींत घरे मिळाली, काही वृद्धांना मरेपर्यंत राहू दिले. त्यांतील अखेरची बाई १९७९ मध्ये वारली.

त्या लोकांचे अर्थकारण आधीच खचले होते. चेस्टनट वृक्षांवर आलेल्या रोगाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲपलेशियन पर्वतातील ती झाडे जवळजवळ नष्ट केली, आणि डोंगरी कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे एक साधन गेले. गरीब झालेल्या माणसाला मागासलेला ठरविणे सोपे असते. १९३३ मध्ये याच दऱ्यांतील लोकांवर एक पुस्तक निघाले. ही माणसे जगापासून तुटलेली, जवळजवळ आदिम आहेत, असे त्यात रंगविले होते. विस्थापनाला शास्त्राची मान्यता मिळावी, असा योग त्यातून जुळून आला. आणि या डोंगरी शेतकऱ्यांच्याही आधी दक्षिणेकडील पर्वत चेरोकी लोकांचे होते. १८३० च्या कायद्याचा आधार घेऊन १८३८ मध्ये त्यांतील बहुसंख्यांना लष्कराच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले. हजारो वाटेत मेले. वर उल्लेखिलेल्या कुवोही शिखराला दीर्घकाळ एका गोऱ्या राजकारण्याचे नाव होते. चेरोकी नाव त्याला अधिकृतपणे परत मिळाले ते २०२४ च्या सप्टेंबरात.

म्हणून ही वाट मोडून टाकावी, असे कोणी म्हणणार नाही. पण निसर्गरक्षणाचा खर्च ज्याच्या नावाचे कागद नाहीत त्याच्यावर टाकावयाचा आणि लाभ मात्र शहरातून येणाऱ्याने घ्यावयाचा, हा व्यवहार सार्वजनिक हिताच्या नावाखाली खपून जातो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. कोयनेच्या आणि चांदोलीच्या खोऱ्यांत अभयारण्यासाठी गावे उठलेली पाहिलेल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. शेनंडोआच्या परिसरात अलीकडे विस्थापितांच्या वारसांनी ठिकठिकाणी दगडी धुराडी उभारून त्यांवर उठलेल्या घराण्यांची आडनावे कोरली आहेत. तेही काम वर्गणी आणि स्वयंसेवकांच्या श्रमातूनच झाले.

या हिशेबातला दुसरा कच्चा दुवा २०२४ मध्ये उघडा पडला. सप्टेंबरअखेर आलेल्या हेलीन वादळाने दक्षिण ॲपलेशियन भागात हाहाकार उडविला. अनेक माणसे दगावली, गावे वाहून गेली. शेकडो मैलांचा पायमार्ग बंद करावा लागला. टेनेसीत नोलिचकी नदीवरचा पूल गेला. पुढे वाटसरूंना होडीतून नदी पार करविण्याची सोय करावी लागली. पायवाटेच्या प्रवाशांवर चालणारे डमॅस्कस हे व्हर्जिनियातील गाव पुराच्या तडाख्यात सापडले. हजारो झाडे एकमेकांवर कोसळून पडली असता त्यांतून मार्ग काढणे हे रविवारच्या हौशी मंडळींचे काम नव्हे. त्याला पगारी, प्रशिक्षित, विमा उतरविलेले कामगार लागतात. आणि नेमक्या याच वेळी, २०२५ च्या फेब्रुवारीत, काटकसरीच्या नावाखाली राष्ट्रीय उद्यान सेवेतील सुमारे एक हजार आणि वनखात्यातील त्याहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. पुढे न्यायालयांच्या आदेशांनी काहींना परत घ्यावे लागले. परंतु या कारभारामागचे गृहीतक तपासण्यासारखे आहे. स्वयंसेवक आहेतच, ते करतील, असे ते गृहीतक. फुकट मिळणारा श्रम हा पगारी श्रमाला पर्याय आहे अशी ज्या सरकारची समजूत होते, ते सरकार स्वयंसेवकालाही फार दिवस टिकू देत नाही. करवतीला धार लावून देणारा, लाकूड कसे पडेल हे शिकविणारा, अपघात झाला तर जबाबदारी घेणारा वनरक्षकच नसेल, तर हौशी माणूस दोन हंगामांत घरी बसेल.

राहिला प्रश्न चालणाऱ्यांचा. वर्षाकाठी या वाटेवर लाखो लोक पाऊल टाकतात. बहुतेक एखाद्या दिवसापुरते. एका दमात सारा मार्ग चालू पाहणारे तीनेक हजार निघतात आणि साधारण चारांतला एक शेवटापर्यंत पोचतो. हा पराक्रम प्रथम नोंदला गेला १९४८ मध्ये, अर्ल शॅफर या युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या नावावर. १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने साधे कापडी बूट आणि हाती शिवलेली झोळी घेऊन तो एकटीने पार पाडला. तंबूऐवजी तिच्याजवळ न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा होता. आज त्याच वाटेसाठी हलक्या वजनाच्या महागड्या साहित्याची मोठी बाजारपेठ उभी आहे. ते असो, साहित्य उसने मिळू शकेल. पाच ते सात महिन्यांची फुरसत उसनी मिळत नाही. म्हणून अखंड चालणाऱ्यांत नुकतेच शिक्षण संपविलेले तरुण आणि सेवानिवृत्त यांचाच भरणा दिसतो. मधल्या वयाचा, महिन्याच्या पगारावर घर चालविणारा माणूस त्यांत क्वचित असतो. मॅकाय यांची योजना मुळात त्याच्यासाठी होती. खाजगी नोकरीतल्या माणसाला वर्षातून एक दिवसाचीही भरपगारी सुटी दिलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत आजही नाही.